खतावणीच्या गावी शेवटचा दिवस

मध्य इटलीत, टस्कनीच्या पूर्व टोकाला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात सान्सेपोल्क्रो नावाचे सुमारे पंधरा हजार वस्तीचे गाव आहे. हीच नदी पुढे दक्षिणेकडे वाहत रोम शहरातून जाते. गावाला जुना तट आहे, आत सरळ पण अरुंद गल्ल्या आहेत, आणि तटाबाहेर पडताच गव्हाची व तंबाखूची सपाट शेते लागतात. फ्लॉरेन्स, रोम, व्हेनिस अशा घाईच्या सहलींत या गावाचे नाव सहसा येत नाही, आणि एका दृष्टीने ते बरेच आहे. मात्र ज्या घरांत दिवाळीच्या मुहूर्तावर वहीपूजन होते, त्या घरांशी या गावाचे नाते लागते. जमा आणि नावे अशी दुहेरी नोंद करून हिशेब लिहिण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती छापील ग्रंथात प्रथम सविस्तर मांडणारा लुका पाच्योली पंधराव्या शतकात येथे जन्मला.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले दोन बंधू ज्येष्ठ महिन्यात, चातुर्मास लागण्यापूर्वी, या गावी आठ दिवस सायकल चालवून आले. थोरल्यांना सारे अण्णा म्हणतात, धाकट्यांना बापू. अण्णांचे वय सहासष्ट, बापूंचे एकोणसाठ. अण्णांची एकुलती एक कन्या मिलानमध्ये नोकरीला आहे. सहल तिने आखली, सायकली तिने ठरवल्या, आणि तीही बरोबर होती. दोघी जावांनी सायकल हा शब्द ऐकताच हात जोडले. पण नवऱ्यांनी जावे, यासाठी आग्रह धरला तोही त्यांनीच. दोघे एकत्र राहिले तर बोलतील तरी, असा त्यांचा हिशेब होता.

बोलण्याचा विषय वाटणीचा. वडिलांनी उभी केलेली पेढी, यार्डातला गाळा, एक गोदाम आणि राहते घर. गाळा व गोदाम एकत्र कुटुंबाच्या नावावर. अण्णा गादीवर बसले त्याला पंचेचाळीस वर्षे झाली, बापूंना छत्तीस. अण्णांचे म्हणणे असे की ज्याने जितकी वर्षे घातली तितका त्याचा भाग. म्हणजे पाचास चार. बापूंचे म्हणणे वेगळे. त्यांचा मुलगा आज गादीवर बसतो, अण्णांच्या बाजूने बसणारे कोणी नाही. तेव्हा पुढे जो चालवणार त्याच्याकडे पेढी अखंड राहावी आणि अण्णांनी रक्कम घ्यावी. दोन्ही बाजूंना न्याय होता, आणि म्हणूनच तड लागत नव्हती. वकिलांनी केलेला मसुदा अण्णांच्या पिशवीत सांगलीहून इटलीपर्यंत आला होता. सात दिवसांत तो एकदाही बाहेर निघाला नाही.

सायकलवर मात्र दोघांचे चांगले जमले. अण्णांची सायकल बॅटरीची मदत घेणारी होती, बापूंनी साधीच घेतली. तिसऱ्या दिवशी ते समोरच्या टेकडीवरील आंघियारी गावी गेले. सान्सेपोल्क्रोहून तिथे जाणारा रस्ता पट्टीने आखावा तसा सरळ आहे. सुमारे आठ किलोमीटर, आणि शेवटी अंगावर येणारा चढ. त्या चढावर अण्णांची बॅटरी संपली. बापू आपली सायकल भिंतीला टेकवून खाली उतरून आले आणि भावाच्या पाठीला हात लावून त्यांना सायकलसकट वर ढकलत नेले. वर पोहोचल्यावर दोघे कठड्यावर धापा टाकत बसले. त्या क्षणी काही बोलणे होईल असे मुलीला वाटले होते. झाले नाही. बापूंनी विचारले एवढेच, "अण्णा, पाणी हवं का?"

जेवणाचे काय, हा प्रश्न वाचकांच्या मनात आलाच असेल. तो त्या मुलुखात वाटतो तितका कठीण नाही, पण सावध राहावे लागते. कोरड्या पास्त्यात बहुधा फक्त गव्हाचा रवा व पाणी असते; ताज्या पास्त्यात मात्र अनेकदा अंडे घालतात, म्हणून विचारून घ्यावे. आंघियारीचा ब्रिंगोली नावाचा जाड, हाताने वळलेला पास्ता पीठ-पाण्याचाच. 'सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला', म्हणजे लसूण नको, कांदा नको, हे दोन शब्दप्रयोग अण्णांनी पहिल्याच दिवशी पाठ केले. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील रेनेट घालून करतात, त्यामुळे ते वर्ज्य; वरून भुरभुरण्याआधीच हात आडवा धरावा लागतो. टस्कनीतील पावात मीठ नसते, हे कळेपर्यंत बापूंना आपल्याच जिभेची शंका येत होती. आणि जूनमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साडेसातला उघडणाऱ्या खानावळीतही चौविहार सांभाळता आला.

शेवटच्या दिवशी सकाळी सातलाच तिघे निघाले ते कोस्पायाकडे. सान्सेपोल्क्रोपासून काही किलोमीटरवर, उंब्रिया प्रांताच्या हद्दीत, लहानशा उंचवट्यावर वसलेली ही वाडी. वाटेत तंबाखूची कोवळी रोपे सरळ ओळींत उभी होती. निपाणीकडचा रस्ता पाहिलेल्या माणसाला त्यांची ओळख पटायला वेळ लागत नाही. या वाडीची हकीकत बँकेत किंवा पेढीवर कागदपत्रे हाताळलेल्या कोणालाही ऐकण्यासारखी आहे.

पोप चौथा युजीन याला पैशांची निकड होती. त्याने सान्सेपोल्क्रो गाव फ्लॉरेन्सच्या राज्याला २५,००० फ्लोरिनांच्या बदल्यात दिले. १४४१ साली हद्द ठरवताना कागदावर लिहिले गेले की 'रिओ' हा ओढा ही सीमा. पण रिओ म्हणजे नुसता ओढा, आणि त्या नावाने ओळखले जाणारे ओढे तिथे दोन होते. दोहोंत साधारण अर्ध्या किलोमीटरचे अंतर. फ्लॉरेन्सने आपल्या जवळचा ओढा धरला, पोपच्या माणसांनी आपल्या जवळचा. मधली पट्टी, जेमतेम दोन किलोमीटर लांबीची, कोणाच्याच वाट्याला आली नाही. तेथील शेतकऱ्यांनी आपण कोणाचेच नाही असे जाहीर केले आणि ते स्वतंत्र राहिले. कर नाही, जकात नाही, सैन्य नाही. पुढे तंबाखू आला तेव्हा शेजारच्या राज्यांत त्यावर बंदी किंवा कर होता, इथे काहीच नव्हते. साहजिकच वाडी तंबाखूवर भरभराटली आणि चोरट्या व्यापाऱ्यांचेही माहेरघर झाली. हे सर्व १८२६ पर्यंत चालले. मग पोप आणि टस्कनीचा ग्रँड ड्यूक यांनी ती पट्टी आपसांत वाटून घेतली. एका शब्दाच्या ढिलाईने ३८५ वर्षे!

चर्चपुढच्या पायरीवर बसून मुलीने हे सांगितले. बापू म्हणाले, "कागद करणाऱ्यांनी एकदा शिवारात जाऊन पाहिलं असतं तर?"

"वकील शिवारात जात नसतात," अण्णा म्हणाले. तेवढ्यावरच ते थांबले. परंतु वकील हा शब्द सात दिवसांत पहिल्यांदा उच्चारला गेला होता.

परतल्यावर नगरसंग्रहालय झाले. तेथील भिंतीवर पिएरो देल्ला फ्रांचेस्का या याच गावच्या चित्रकाराने काढलेले येशूच्या पुनरुत्थानाचे भित्तिचित्र आहे. खाली चार शिपाई गाढ झोपलेले, वर थडग्याच्या कडेवर एक पाय ठेवून उभा असलेला येशू. एका बाजूची झाडे निष्पर्ण, दुसऱ्या बाजूची पालवलेली. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली टोनी क्लार्क नावाचा ब्रिटिश तोफखान्याचा अधिकारी या गावावर मारा करत होता. गावाचे नाव कुठे वाचले होते ते त्याला आठवले. आल्डस हक्स्ली या लेखकाने १९२५ साली आपल्या प्रवासलेखांच्या पुस्तकात या चित्राला जगातील सर्वोत्तम म्हटले होते. क्लार्कने तोफा थांबवल्या. चित्र त्याने तोवर पाहिलेलेही नव्हते. गावात त्याच्या नावाचा रस्ता आहे. अण्णा चित्रापुढे बराच वेळ बसले; बापूंना ते शिपाई आवडले. उन्हाळ्यात गोदामावर दुपारी हमाल झोपतात ते अगदी असेच, असे त्यांचे मत पडले.

दुपारी एकनंतर गाव मिटते. दुकानांची शटरे खाली, रस्ते ओस. चारनंतर तिघे सान फ्रान्चेस्को चर्चजवळ गेले. तेथे पाच्योलीचा पुतळा आहे. ज्यासाठी अण्णांनी सायकलीची ही सगळी उठाठेव मान्य केली होती, ते ठिकाण हेच.

पाच्योली हा फ्रान्सिस्कन पंथाचा साधू. तरुणपणी तो व्हेनिसला गेला, एका व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवू लागला आणि तिथल्या पेढ्यांचे व्यवहार त्याने जवळून पाहिले. १४९४ साली व्हेनिसमध्ये त्याचा अंकगणित-भूमितीवरील मोठा ग्रंथ छापला गेला. 'सुम्मा' या नावाने तो ओळखला जातो. तो विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तर लोकांच्या इटालियन बोलीत लिहिलेला. त्यातील एक भाग जमाखर्चावर आहे. ही पद्धत आपण शोधली असा दावा त्याने केलेला नाही. व्हेनिसचे व्यापारी जसे लिहितात तसे मांडतो, एवढेच तो म्हणतो. प्रथम एका दिवसात सगळ्या मालमत्तेची यादी करायची, रोकड, दागिने, माल, येणे, देणे. मग तीन वह्या. पहिलीत घडेल तसे टिपायचे, ती कच्ची टिपणवही. दुसरीत तेच तारीखवार व नीट, म्हणजे आपली रोजकीर्द. तिसरीत प्रत्येक खाते वेगळे काढून एकच रक्कम एका ठिकाणी नावे आणि दुसऱ्या ठिकाणी जमा. ही झाली खतावणी. वह्यांवर आरंभी क्रुसाची खूण करावी असेही त्याने सांगितले आहे. आपल्याकडे श्री लिहून शुभ-लाभ काढतात. दोन भिन्न धर्मांच्या, भिन्न भूखंडांतल्या व्यापाऱ्यांना पहिले पान मोकळे सोडून पैशाला हात घालवेना, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आणखी एक धागा भारताचा. ज्या अंकांनी हे हिशेब झाले, ते भारतातून अरबांमार्फत तिकडे गेलेले. पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, १२०२ साली आपल्या ग्रंथात त्यांचा परिचय करून दिला तेव्हा त्यांना भारतीयांचे अंक असेच म्हटले. फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने १२९९ मध्ये आपल्या सभासदांना वह्यांत हे अंक वापरण्यास मनाई केली होती. नवी पद्धत आली की जुन्या पेढीवर पहिली प्रतिक्रिया कोणती होते, हे संगणक आला त्या काळी बँकेत बसलेल्यांना सांगायला नको.

पुतळ्याच्या सावलीत मुलगी म्हणाली, "बाबा, याच पुस्तकात एक गणित आहे. दोन बाजू चेंडूचा खेळ खेळताहेत. साठ गुण आधी करील त्याला सगळी पैज. प्रत्येक डावाचे दहा गुण. एकाचे पन्नास झाले, दुसऱ्याचे वीस, आणि काही कारणानं खेळ थांबला. पैजेचे पैसे कसे वाटायचे?"

"पन्नासास वीस," अण्णा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "पाच भाग याला, दोन त्याला."

"पाच्योलीनंही तेच उत्तर दिलंय."

अण्णांनी पुतळ्याकडे पाहिले. कर्जप्रकरण एकदाचे मंजूर झाल्यावर येते तशी प्रसन्नता त्यांच्या चेहऱ्यावर आली.

"आणि राहिलेला खेळ?" बापूंनी विचारले. "तो कुणी मोजायचा?"

हाच आक्षेप इटलीतील तार्तालिया या गणितज्ञाने १५५६ साली घेतला होता. समजा एकच डाव झाला आणि तो एकाने जिंकला, तर पाच्योलीच्या नियमाने सगळी पैज त्यालाच द्यावी लागेल; हा कुठला न्याय? उत्तर मिळायला आणखी शंभर वर्षे लागली. १६५४ साली पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी एकमेकांना पत्रे लिहून ते सोडवले. त्यांनी पाहिले ते झालेल्या डावांकडे नव्हे, तर राहिलेल्या. कोणाला जिंकायला अजून किती हवे? याला एक डाव, त्याला सलग चार. दोघे तुल्यबळ धरले तर दुसऱ्याने सलग चार जिंकण्याची शक्यता सोळांत एक. म्हणून वाटणी पंधरास एक.

बापू हसू लागले. "म्हणजे पुढचं मोजलं तरी यांचंच वर! हे गणित मला नको."

"तुल्यबळ धरले तर, काका," ती म्हणाली.

पेढी म्हणजे काही चेंडूचा खेळ नव्हे, आणि कोण किती डावांवर आहे हे तिथे कोणालाच ठाऊक नसते. तरीही बँकेच्या टेबलावर कर्जाच्या कागदांबरोबर जी वाटणीपत्रे येतात, त्यांत भांडण बहुतेक वेळा याच दोन मोजमापांचे असते. एक भाऊ झालेले डाव मोजतो, दुसरा राहिलेले. रकमेवरून तुटलेली घरे त्या मानाने थोडी.

या वेळी दोघे बोलले. चौकातल्या बाकावर, सव्वा तास. अण्णांनी १९९० नंतरच्या मंदीतले दोन हंगाम काढले. बापूंनी निजामाबादच्या बाजाराचे दौरे काढले, रात्रीच्या एसटीचे, मुक्कामाचे. आवाज एकदोनदा चढला. मुलगी दूर जाऊन सायकलींपाशी उभी राहिली. निर्णय झाला नाही. पण अण्णांनी पिशवीतून मसुदा काढला आणि दोघांनी तो एकाच चष्म्याने आळीपाळीने वाचला, कारण बापूंचा चष्मा खोलीवर राहिला होता.

सहा वाजता सायकली परत केल्या. दुकानदाराने ब्रेक दाबून पाहिले, बॅटरी काढून ठेवली, आणि अनामत मुलीच्या कार्डावर परत जमा केली. आठ दिवसांचा सगळा खर्च तिच्याच कार्डावरून झाला होता.

साडेसातला जेवायला बसल्यावर तिने वही काढली. तारीखवार नोंदी, शेवटी बेरीज, आणि पुढे तीन रकाने.

"तीन कशाला?" अण्णा म्हणाले. "तुझा भाग कसला? दोनच कर. मी आणि बापू देतो."

"मीपण सायकल चालवली, बाबा. तीनच."

"मुलीकडून पैसे घ्यायचे का आता?"

बापू घेवड्याच्या सुपातून चमचा बाहेर काढून तसेच थांबले होते. ते म्हणाले, "अण्णा, वकिलांच्या कागदातपण दोनच नावं आहेत."

"हो. आपल्या दोघांची."

"आणि हिचं?"

कायदा येथे स्पष्ट आहे. हिंदू वारसा कायदा जैन कुटुंबांनाही लागू होतो, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीलाही मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क आहे. लग्न होऊन ती परगावी गेली, परदेशी गेली, तरी तो जात नाही. तिचे नाव नसलेले वाटणीपत्र पुढे उलगडले जाऊ शकते. असे असताना मसुदे आजही दोन नावांचेच येतात; लिहिणाऱ्याला ओढा एकच आहे असे वाटते.

अण्णा म्हणाले, "तिला नको आहे काही. तिचं तिकडं चांगलं चाललंय."

"मला कुणी विचारलं नाही, बाबा." ती हे अगदी शांतपणे म्हणाली. पावाचा तुकडा मोडत होती, तो तिने मोडला.

बराच वेळ कोणी बोलले नाही. वाढप्याने येऊन पाण्याची नवी बाटली ठेवली. अखेर अण्णांनी विचारले, "मग काय हवंय तुला?"

"आधी नाव लिहा. काय हवं ते नंतर सांगते."

अण्णांनी भावाकडे पाहिले. "मसुदा परत करून घ्यायचा?"

"घ्यायचा," बापू म्हणाले. हे म्हणताना आपल्या मुलाचा वाटा आता कुठल्या हिशेबाने येणार, हे त्यांना कळत नव्हते असे नाही.

"आणि पाचास चार?"

"ते सांगलीत बघू. तोवर तुमचं तुम्ही धरून बसा, माझं मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आरेझ्झोची बस होती, तेथून रेल्वे. सामान बांधायचे बाकी होते. सूर्य मावळायला दहा-बारा मिनिटे राहिली, तेव्हा अण्णांनी शेवटचा पेला पाणी घेतले, वही आपल्याकडे ओढली आणि तीन भागांची बेरीज पुन्हा करून पाहिली. त्यांच्या हिशेबाने चाळीस सेंटांचा फरक येत होता. त्यांनी वही मुलीकडे परत सरकवली आणि तिला पहिल्या पानापासून पुन्हा तपासायला सांगितले.